हस्सू खाँची गोष्ट ग्रुपवर पुन्हा टाकू नका

आमच्या ग्वाल्हेरच्या, लश्कर भागातल्या घरच्या ग्रुपवर गेला आठवडाभर एकच विषय चालू आहे. माझ्या भाचीने सांगितलं की वर्षभर कार्यक्रम घेणार नाही, रील टाकणार नाही, रियाजसुद्धा मनात आलं तरच करीन. झालं, काकांपासून मामेभावापर्यंत सगळे तुटून पडले. आता कुठे २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरी केलं आणि आपल्याच घरातली मुलगी गाणं सोडते, लोक काय म्हणतील. एकाने लिहिलं की बर्नआउट वगैरे फॉरेनची फॅडं, मावशीने डोक्यात भरवलं असणार. मावशी म्हणजे मी, जर्मनीत हॅनोवरला राहते म्हणून. आणि मग कोणीतरी ग्वाल्हेर घराण्याच्या जुन्या गवयाची, हस्सू खाँची गोष्ट फॉरवर्ड केली, खाली हात जोडलेले इमोजी.

ती गोष्ट आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ आहे. प्रतिस्पर्धी गवई बडे मोहम्मद खाँसमोर दरबारात हस्सू खाँनी कडक बिजलीची, म्हणजे छातीवर फार जोर पडणारी तान घेतली, तोंडातून रक्त आलं, आजोबा नत्थन पीरबख्शनी ते पुसलं आणि म्हणाले, मरायचंच असेल तर तान पुरी करून मर. आख्यायिका आहे ही, पण ती ऐकून 'वा' म्हणणारी माणसं मी लहानपणापासून बघत आलेय. वा कशाला? नातू गेला ना. तो गेला त्याचं काय हे कोणीच विचारत नाही, तान पुरी झाली एवढ्यावर सगळे खूश.

त्याच घराण्यातली दुसरी गोष्ट कोणी का पाठवत नाही? हस्सू खाँचे भाऊ हद्दू खाँ, त्यांचे चिरंजीव रहिमत खाँ. घरची माणसं गेली आणि ते मनाने पार खचले, अफूच्या नादी लागले, बनारसला भटकत होते. विष्णुपंत छत्रे, ते सर्कसवाले, तेही ग्वाल्हेरला हद्दू खाँकडेच शिकलेले, त्यांना ते तिथे सापडले. छत्र्यांनी गुरूच्या मुलाला जवळ घेतलं, खाऊपिऊ घातलं, सर्कशीबरोबर गावोगाव सांभाळलं. पुढे हेच रहिमत खाँ असे गायले की लोक त्यांना भूगंधर्व म्हणायला लागले. १९२२ मध्ये कुरुंदवाडला वारले. म्हणजे ग्वाल्हेर घराण्याला कोलमडलेला माणूस नवीन नाही आणि त्याला सांभाळणारा माणूसही नवीन नाही, आणि तो सांभाळणारा आपल्यासारखा मराठी होता.

आता भाचीचा दिवस बघा, मग बोला. पहाटे साडेचारला उठायचं कारण अमेरिकेतल्या मुलांची ऑनलाइन शिकवणी तेव्हाच असते, मग शाळेतली नोकरी, संध्याकाळी घरची शिकवणी, रात्री आकाशवाणीच्या ऑडिशनची तयारी, आणि मधल्या वेळात जिन्यापाशी ट्रायपॉड लावून रील. ती मला फोनवर म्हणाली, मावशी, यमनचा आलाप घेताना माझं लक्ष गंधाराच्या सुरावर नसतं, तीस सेकंद झाले का याच्यावर असतं. हे ऐकून मला रडू आलं. कार्यक्रमाचं पाकीट कधी मिळतं कधी नुसता शाल-श्रीफळ. डब्ल्यूएचओने २०१९ मध्येच बर्नआउटबद्दल लिहून ठेवलंय की कामाचा ताण सतत राहिला आणि तो कोणी आवरला नाही की ही अवस्था येते. यात फॉरेनचं काय आहे? जिन्यापाशी ट्रायपॉड लावून उभं राहावं लागतं ना, ते लश्करमध्येच.

आमचं हॅनोवर २०१४ पासून युनेस्कोचं संगीत शहर आहे, पण इथे त्याचा धाक कोणाला घालत नाहीत. इथल्या संगीत विद्यापीठात १९७४ पासून कलाकारांच्या दुखण्यांसाठी वेगळी संस्था आहे, बोटं वळेनाशी झालेले पियानोवाले तिथे जातात आणि रियाज कमी पडला असं कोणी त्यांना सुनावत नाही. फ्रीलान्स कलाकारांच्या हेल्थ इन्शुरन्स आणि पेन्शनचा निम्मा भार क्युन्स्टलरसोझियालकासे, म्हणजे कलाकारांचा सामाजिक विमा निधी उचलतो, १९८३ पासून. माझ्या वरच्या मजल्यावर एक बाई राहतात, ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवतात, मागच्या वर्षी त्या तीन महिने क्रांकश्राइबुंगवर, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवर आजारपणाच्या रजेवर होत्या आणि परत जाऊन आपल्या खुर्चीवर बसल्या. बास. चर्चा नाही, घराण्याची इज्जत नाही.

पण खरं सांगायचं तर त्या आजारी होत्या हे मला त्या कामावर परत गेल्यावर कळलं, लेटरबॉक्सपाशी. एका जिन्यात राहतो आम्ही. त्यांना कोणी छळलं नाही आणि कोणी वरणभातही नेऊन दिला नाही, मीसुद्धा नाही, कारण इथे तसं कोणी कोणाकडे जात नाही.

मी ग्वाल्हेरच्या माधव संगीत महाविद्यालयात शिकलेय हे इथे फारसं कोणाला माहीत नाही. सुरुवातीला फार मोकळं वाटलं, कुठेही जा, गाऊन दाखव म्हणणारं कोणी नाही. आता गणपतीत मंडळाच्या आरतीला माझा सूर जरा वर लागला की कोणीतरी मान वळवून बघतं आणि मला तेवढ्यानेच दिवसभर बरं वाटतं. तिकडे लश्करच्या दौलतगंजात दूधवाल्यापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांना विचारायचा हक्क होता, काय गं, गाणं कुठवर आलं. त्याच हक्काचा भाचीला जाच होतोय हे मला दिसतंय, आणि तो हक्क माझ्यावर आता कोणी गाजवत नाही हे मला टोचतं. दोन्ही खरं आहे, मी काय करू.

म्हणून काका, तुम्हालाच सांगते, हक्क सोडा असं मी म्हणत नाही. छत्र्यांनी गाजवला तसा गाजवा. काकूंनी तिच्याकडे डबा पाठवावा, तिची सकाळची एक शिकवणी सुटली तर त्या महिन्याचा गॅस कोण भरणार ते बघावं, आणि समोर बसून गाणं हा शब्दही काढू नये. तानपुरा विकायची गोष्ट कोणीतरी रागाने काढली होती, ती परत काढू नका, तो तिच्या खोलीत राहू दे.

डिसेंबरात तानसेन समारोहाला मी येतेय. हजिऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी सकाळी ढोलीबुवांची हरिकथा, मग मीलादचं पठण, रात्री गाण्याची सभा, सगळं आम्ही दोघी मागे बसून नुसतं ऐकणार आहोत. दरवर्षीसारखी घरी बैठक ठेवून सगळ्यांसमोर तिला बसवू नका. बसवलीत तर आम्ही दोघी हॉटेलात उतरू, आणि मला माझ्याच गावात हॉटेलात उतरायचं नाहीये.