एका ताऱ्याच्या अभिप्रायाला उत्तर: पिंक सॅल्मन, बुश पॉइंट आणि साडेआठची वेळ

नमस्कार,

तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून उत्तरही मराठीतच. बेलव्ह्यू-रेडमंडकडची बरीच मराठी मंडळी हे पान वाचून आमच्याकडून मासेमारीचं सामान भाड्याने नेतात, त्यांनाही उपयोग होईल.

तुमच्या तक्रारी थोडक्यात अशा: पिंक सॅल्मन धरायला व्हिडबी बेटावर बुश पॉइंटला अख्खी सकाळ उभं राहून एकच मासा मिळाला, शेजारच्यांना मात्र धडाधड लागत होते. आमचे गळ बोथट होते म्हणून तीन मासे हातातोंडाशी येऊन सुटले. एक मोठा मासा आमच्या माणसाने सोडायला लावला. घरी नेलेला मासा कालवणात विरघळला, रावसासारखा लागला नाही. अनामतीतून पैसे कापले. आणि पुढच्या ऑगस्टला दुसरीकडून सामान घेणार.

अनामतीचं आधी उरकतो. दोन आमिषं खडकात अडकून गेली, त्यांचे पैसे भाडेपत्रात लिहिलेल्या दराने घेतले. ते परत होणार नाहीत.

आता वेळ. पावतीवर आणि आदल्या दिवशीच्या मेसेजमध्ये आम्ही पहाटे सव्वापाच लिहिलं होतं. तुमची मुकिल्टिओहून बेटावर येणारी फेरीबोट चुकली आणि तुम्ही किनाऱ्यावर उतरलात तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. पिंक तिथे मुक्कामाला नसतो. समुद्रातून प्युजेट साउंडच्या आत, आपापल्या नदीकडे निघालेले थवे बेटाच्या पश्चिम किनाऱ्याला घासून जातात. झुंजूमुंजू होताना थवा दगडगोट्यांपासून दहा-वीस मीटरवर असतो. ऊन चढलं, बोटींची वर्दळ वाढली की खोल सरकतो. त्यात त्या सकाळी भरतीचा जोर पहाटेच होऊन गेला होता. तुम्ही पाहिलेले धडाधड मासे म्हणजे शेवटच्या एखाद-दोन थव्यांचे. मधला अर्धा-पाऊण तास कोणालाच काही लागत नाही, आणि ते अगदी नेहमीचं आहे.

तरीही त्या थव्यांतून शेजारच्यांना लागले आणि तुम्हाला नाही, हा प्रश्न रास्त आहे. परत आलेल्या पेटीत त्याचं उत्तर सापडलं. दोन्ही गुलाबी बझ बॉम्ब (मधे भोक असलेलं वजनदार आमिष) आणि अर्ध्या औंसाचे गुलाबी जिग (वजन लावलेले गळ) कागदातून बाहेरच आलेले नव्हते. दोरीला बांधलेला होता तो तुमचा स्वतःचा मोठा चंदेरी चमचा, म्हणजे चमच्याच्या आकाराचं धातूचं आमिष, आणि खडकात गेले तेही आमच्या पेटीतले राखीव चमचेच. चमचा वाईट नाही, पण तो कोहोसाठी, म्हणजे सॅल्मनच्याच दुसऱ्या जातीसाठी, आणि तोही वेगाने ओढायचा. पिंक समुद्रात क्रिलसारखे (कोळंबीसारखे छोटे जीव) बारीकसारीक खाऊन वाढतो. त्याला छोटं, गुलाबी आणि सावकाश हलणारं काही दिसलं तर तो तोंड घालतो. इथले जुने गळवाले गंमतीने म्हणतात की रंग कुठलाही चालेल, फक्त तो गुलाबी असावा. अतिशयोक्ती आहे, पण फार नाही.

बझ बॉम्ब बांधायची रीत पेटीच्या झाकणावर चित्रासह आहे, इथेही लिहितो. दोरी आमिषाच्या मधल्या भोकातून ओवायची, मग रबरी मणी, मग गळ, आणि गाठ आवळण्याआधी ती ओली करायची. आमिष दोरीवर मोकळं सरकलं पाहिजे. गळाला पक्कं बांधलं, तर मासा डोकं झटकतो तेव्हा त्या वजनाच्या तरफेनेच गळ निखळतो. फेकल्यावर लगेच गुंडाळू नका. तीन ते पाच मोजेपर्यंत बुडू द्या, दांडीचं टोक हलकेच वर घ्या, मग खाली सोडा आणि सोडताना फक्त ढिली झालेली दोरी गोळा करा. मासा बहुतेक वेळा आमिष खाली पडत असतानाच धरतो. तेव्हा झटका बसत नाही, दोरी नुसती जड वाटते किंवा मध्येच ढिली पडते. वेगाने गुंडाळणाऱ्याला हे कळतच नाही. आणि थवा पायाशी असताना साठ मीटरवर फेकायचा हट्ट कशाला?

गळांबद्दल. ते बोथट नव्हते, बार्ब नसलेले होते, म्हणजे टोकामागचा उलटा दात नसलेले. वॉशिंग्टन राज्यात खाऱ्या पाण्यात सॅल्मनसाठी तसेच वापरावे लागतात. बार्बचा गळ आम्ही भाड्याने दिला तर दंड तुम्हाला व्हायचा. धार तपासायची असेल तर टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून सरकवा. रुतलं तर गळ ठीक, घसरलं तर कानस लावा. तुमचे चारही गळ परत आल्यावर याच पद्धतीने पाहिले, एकही घसरला नाही.

मासे सुटले ते दुसऱ्या कारणाने. पिंकचं तोंड मऊ असतं. रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरी किती जोराने सुटेल ते ठरवणारा ब्रेक, गच्च आवळलेला होता, परत आला तेव्हाही तसाच. चार पौंडांचा मासा पळाला, दोरीने वाट दिली नाही, की गळ मांसातून चिरत बाहेर येतो. ड्रॅग इतकाच ठेवायचा की रीलपासून दोरी हाताने ओढली तर किंचित जोर लावून सुटावी. मासा पळेल तेव्हा पळू द्या, थांबला की गुंडाळा, आणि दांडीचा बाक एक क्षणही सरळ होऊ देऊ नका, कारण बार्ब नसलेला गळ ढिल्या दोरीवर आपोआप गळून पडतो. शेवटच्या दोन मीटरांत सगळ्यांची घाई होते. तिथे उचलू नका. लाट येईल तिच्याबरोबर चालत मागे जा, मासा दगडांवर आपोआप येतो.

सोडलेला मोठा मासा किंग होता, सॅल्मनचीच आणखी एक जात. मरीन एरिया ९ मध्ये, म्हणजे बुश पॉइंट ज्या मासेमारी विभागात येतो त्यात, त्या दिवशी किंग ठेवायला बंदी होती. पिंक ओळखायला शेपटी पाहा. दोन्ही पात्यांवर मोठे लांबट काळे ठिपके, चंदेरी रेघा अजिबात नाहीत, आणि अंगावरचे खवले हाताला जेमतेम लागतील इतके बारीक. किंगच्याही दोन्ही पात्यांवर ठिपके असतात, पण शेपटीत चांदी चमकते आणि खालच्या हिरड्या काळ्या असतात. कोहोचे ठिपके फक्त वरच्या पात्यावर. खात्री होईपर्यंत मासा पाण्यातच ठेवायचा, फोटोसाठी दगडांवर घ्यायचा नाही. आणि ठेवलेल्या माशाची नोंद परवान्यासोबतच्या कार्डावर तिथल्या तिथे करायची, घरी जाऊन नाही. आमचा माणूस पेन घेऊन मागे लागला त्याचा तुम्हाला त्रास झाला, पण अधिकारी आला असता तर त्याने नुसतं पेन दिलं नसतं.

आता कालवण. याबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे नुकसान खरंच झालं आणि ते टळण्यासारखं होतं. पेटीतली सुरी कोरी परत आली आणि बर्फाचं खोकं तुम्ही नको म्हणालात. मासा प्लास्टिकच्या पिशवीत गाडीच्या डिकीतून घरी गेला. सुरमई एवढं एखादे वेळी सहन करेल. पिंक नाही करत. त्याच्यात चरबी कमी, पाणी जास्त, मांस मुळातच नाजूक. रक्त आत राहिलं आणि ऊब मिळाली की दोन-तीन तासांत मांस पिठासारखं होतं.

मासा हाती आला की दांडक्याने डोक्यावर एक नेमका फटका. लगेच दोन्ही बाजूंचे कल्ले कापायचे आणि दोरीत अडकवून पाच-सात मिनिटं पाण्यात सोडायचा, रक्त निथळेपर्यंत. मग बर्फात, पण नुसत्या बर्फात नाही. बर्फात समुद्राचं पाणी घालून लगदा करायचा, म्हणजे गारवा चहूबाजूंनी लागतो. पोट तिथेच साफ केलंत तर उत्तम. तुकडे मात्र घरी, कारण किनाऱ्यावर जात ओळखू आली पाहिजे. मादी निघाली तर गाभोळी टाकू नका, हळद-मीठ लावून तव्यावर छान होते.

घरी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी खायचा. इंचभर जाडीचे तुकडे, अर्धा तास मीठ, सुटलेलं पाणी टिपून मग मसाला. कालवण आधी पूर्ण उकळून तयार करा, कोकम घाला, आच मंद करा आणि तुकडे शेवटच्या पाच-सहा मिनिटांसाठी सोडा. डाव घालू नका, भांडंच हलवा. खरं सांगायचं तर या माशाला रव्यात तळणं किंवा धुरावणं जास्त मानवतं. रावसाचं म्हणाल, तर त्याचा आणि याचा कुळाचा संबंध नाही. ती चव इथे शोधू नये. आणि कोणी सुशीचा बेत करत असेल तर ताजा कच्चा मासा अजिबात नको. परजीवी मरायला उणे २० अंश सेल्सियसवर सात दिवस लागतात, आणि घरचे बहुतेक फ्रीजर तितके खाली जात नाहीत.

राहता राहिला पुढचा ऑगस्ट. सामान जरूर दुसरीकडून घ्या, पण २०२६ मध्ये पिंकसाठी पैसे घेणाऱ्याला आधी एक प्रश्न विचारा: मासा कुठून येणार? पिंक नेमकी दोन वर्षं जगतो. २०२५ च्या शरदात घातलेल्या अंड्यांतली पिल्लं २०२६ च्या वसंतात थेट समुद्रात जातात आणि २०२७ मध्ये परततात. प्युजेट साउंडमध्ये मोठे थवे विषम वर्षीच येतात. सम वर्षी स्नोहोमिशसारख्या नदीत थोडाफार दिसतो, त्यावर बेत आखू नये. विषम वर्षही दरवेळी भरघोस नसतं. २०१५ ला दुष्काळात नद्या आटल्या होत्या, आणि २०१७ ला फार थोडा मासा परतला.

२०२६ ला यायचंच असेल तर सप्टेंबरात कोहोसाठी या. वेगाने ओढलेल्या आमिषावर तो झडप घालतो, आणि तुमचा चंदेरी चमचा तिथे कामाला येईल. कोहो ठेवायचा की सोडायचा याचे नियम भागागणिक वेगळे आहेत, म्हणून निघायच्या आदल्या रात्री मत्स्य विभागाच्या ॲपवर त्या तारखेचा नियम बघा. फेरी मात्र पहिलीच धरा.

— दुकानाचे मालक