युरोव्हिजनचं गाणं कोण निवडतं? एका ढकलपत्राला उत्तर

आंब्याच्या पेट्यांचे भाव आणि युरोव्हिजनवरचं ढकलपत्र, दोन्ही मे महिन्यात न चुकता येतात. मजकूर दरवर्षी तोच: "युरोपातल्या त्या मोठ्या गाण्याच्या स्पर्धेला देशाचं गाणं कोण पाठवतं माहीत आहे का? सरकार! लोकांचं मतदान निव्वळ नाटक, निकाल आधीच ठरलेला. गायक भाड्याचे. इंग्रजीत गायलं नाही तर पराभव नक्की. शेवटी शेजारी शेजाऱ्याला मत देतो आणि श्रीमंत देश अंतिम फेरी विकत घेतात. थोडक्यात, गाणं कुठलंही पाठवा, फरक शून्य." खाली जोडलेले हात आणि 'डोळे उघडा'.

गंमत अशी की यातलं एकही वाक्य पूर्ण हवेतून आलेलं नाही. प्रत्येकामागे कुठलं तरी खरं साल आहे, फक्त त्या एका सालाचा कायदा करून टाकलाय. त्यामुळे 'खोटं आहे' म्हणून झटकता येत नाही, एकेक धागा उसवावा लागतो.

"गाणं सरकार पाठवतं"

स्पर्धा १९५६ साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानोत सुरू झाली. सात देश, प्रत्येकी दोन गाणी. भरवणारी युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन ही सरकारांची नव्हे, रेडिओ-टीव्ही चालवणाऱ्या प्रसारणसंस्थांची संघटना आहे. म्हणजे मैदानात उतरते ती स्वीडनची एसव्हीटी, ब्रिटनची बीबीसी, इटलीची राय. गाणं कसं निवडायचं, जायचं की नाही, हे त्यांनी ठरवायचं. डिसेंबर २०२५ मध्ये इस्रायलच्या सहभागावरून स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स आणि स्लोव्हेनिया बाहेर पडले, तेव्हा ती घोषणाही तिथल्या प्रसारणसंस्थांनीच केली.

आपल्याकडे ऑस्करच्या बाबतीत नेमका हाच गोंधळ होतो. 'भारताचा अधिकृत चित्रपट' म्हटलं की दिल्लीत कुठल्या तरी मंत्रालयानं शिक्का मारला असणार असं वाटतं. प्रत्यक्षात निवड करते फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया, ही चित्रपट व्यवसायाची संघटना. २००४ साली 'श्वास' निवडला गेला तेव्हा तिकडच्या प्रचाराच्या खर्चासाठी वर्गणी गोळा करायची वेळ आली होती, हे अनेकांना आठवत असेल.

मग सरकारचा हात कधीच नसतो का? असतो, आणि तो झाकायचं कारण नाही. १९६८ साली स्पेननं जुआन मानुएल सेर्रात या गायकाला निवडलं होतं. त्यानं कातालान भाषेत गायचा हट्ट धरला. हुकूमशहा फ्रँकोची राजवट होती, सरकारी टीव्हीनं त्याला काढलं आणि ऐनवेळी मासिएल या गायिकेला पाठवलं. ती जिंकूनही आली. २०२१ मध्ये बेलारूसच्या सरकारी वाहिनीनं आंदोलकांना टोमणे मारणारं गाणं धाडलं. आयोजकांनी ते नाकारलं, बदली गाणंही नाकारलं आणि देश बाद झाला. २०२४ मध्ये इस्रायलच्या गाण्याचे शब्द राजकीय ठरवले गेले. तिथली वाहिनी शब्द बदलायला तयार नव्हती, शेवटी राष्ट्राध्यक्षांनी मध्यस्थी केल्यावर ते बदलले. तेव्हा ढकलपत्रकाराला एवढं मान्य करू: जिथे वाहिनी सरकारच्या खिशात, तिथे गाणंही खिशात. पण बेलारूसवरून स्वीडनचा निष्कर्ष काढायचा नसतो.

आणि सरकारी वाहिनीनं पाठवलेलं गाणं सरकारच्या कामी येतंच असंही नाही. १९७४ साली हुकूमशाहीतल्या पोर्तुगालनं एक विरहगीत पाठवलं, 'ई देपोइस दो आदेऊश'. ब्रायटनमध्ये, त्या वर्षीच्या स्पर्धेत, त्याला ३ गुण मिळाले, संयुक्त शेवटचा क्रमांक. अडीच आठवड्यांनी, २४ एप्रिलच्या रात्री, लिस्बनच्या रेडिओवर तेच गाणं लागलं आणि बंडखोर सैनिकांना कळलं, तयारीला लागा. दुसऱ्या दिवशी राजवट कोसळली. प्रेमाचं गाणं असल्यामुळे कुणाला संशय येण्याचा प्रश्नच नव्हता. (त्याच ब्रायटनमध्ये स्वीडनचे ॲबा जिंकले. इतिहासात कोणाचं गाणं मोठं ठरलं, यावर मी पैज लावायला तयार आहे.)

"मतदान नाटक, निकाल आधीच ठरलेला"

खरा मालमसाला इथे आहे, म्हणून जरा थांबू.

स्वीडनमध्ये युरोव्हिजनचं गाणं निवडायला 'मेलोडिफेस्टिवालेन' नावाचा प्रकार चालतो. हिवाळ्याच्या शेवटी सहा शनिवार, गावोगावी फेऱ्या, अख्खं घर टीव्हीसमोर. अंतिम फेरीत निम्मं वजन परदेशी परीक्षकांना आणि निम्मं प्रेक्षकांना. परदेशी परीक्षक अशासाठी की गाणं शेवटी बाहेरच्यांना आवडायला हवं. ॲपवरची मतं वयोगटांनुसार वेगळी मोजतात, म्हणजे पोराटोरांच्या बोटांनी आजीचं मत बुडत नाही. २०२५ च्या फेरीत मोन्स सेल्मेर्लोव उतरला होता. हा २०१५ चा युरोव्हिजन विजेता, देखणा, सराईत. निकाल ठरवून लावायचा असता तर याच्याच नावावर लावला असता. जिंकलं कोण? काय् नावाचं विनोदी त्रिकूट, आणि गाणं कशावर, तर सौनावर. वाफेच्या खोलीत घाम गाळण्यावर.

जर्मनीत २०१५ मध्ये तर आंद्रेआस क्युमर्ट प्रेक्षकांच्या मतांवर जिंकला आणि थेट प्रक्षेपणात, तिथल्या तिथे, 'मी जाणार नाही' म्हणून मोकळा झाला. निकाल आधी ठरवणाऱ्यांनी निदान विजेत्याला तरी विचारलं असतं. दुसरी आलेली गायिका गेली आणि शून्य गुण घेऊन परतली. इटलीत तर नकार द्यायची रीतच आहे. तिथला सानरेमो महोत्सव १९५१ पासूनचा, युरोव्हिजनपेक्षा जुना. किंबहुना युरोव्हिजनची कल्पना त्यावरूनच सुचली. सानरेमो जिंकलं की इटालियन माणसाचं समाधान होतं, पुढची स्पर्धा ऐच्छिक. २०२५ चा विजेता ओली नको म्हणाला, दुसरा आलेला लुचो कोर्सी गेला आणि पाचवा आला.

पण ढकलपत्रकाराच्या बाजूनं एक भक्कम उदाहरण आहे, ते त्याला माहीत नसावं, म्हणून मीच देतो. २०२२, स्पेन, तिथली निवडफेरी बेनिडॉर्म फेस्ट. प्रेक्षकांच्या मतांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त मतं तान्शुगेइरास या गालिसियन भाषेत गाणाऱ्या तीन बायकांना. शानेल नावाच्या गायिकेला जेमतेम चार टक्के. आणि जिंकली शानेल. देशभर गदारोळ झाला, प्रकरण संसदेपर्यंत पोचलं.

घोटाळा? नाही, गणित. प्रेक्षकांच्या मतांना एकूण वजनच पाव होतं. बाकी निम्मं परीक्षकांना, उरलेलं पाव निवडक श्रोत्यांच्या मंडळाला. त्यात टक्क्यांना गुण नव्हते, क्रमांकाला होते. पहिला आलात की पहिल्याचे गुण, मग सत्तर टक्क्यांनी या नाहीतर एकवीस टक्क्यांनी. शाळेत ९८ टक्केवाला आणि ८१ टक्केवाला दोघेही 'पहिला वर्ग', तसंच. हे नियम आधीपासून छापलेले होते, फक्त आपल्याकडे सोसायटीचे उपविधी वाचतात तेवढ्याच लोकांनी ते वाचले होते. याला नाटक म्हणणं चूक, पण लोकांना 'तुम्ही निवडा' सांगून पाव वजन देणं हेही सरळ वागणं नव्हे, असं माझं मत. आणि तरी पुढची गोष्ट ऐका: शानेल तुरिनला, युरोव्हिजनला, गेली आणि तिसरी आली. स्पेनला एवढा वरचा क्रमांक १९९५ नंतर मिळाला नव्हता. तान्शुगेइरास गेल्या असत्या तर पहिल्या आल्या असत्या की विसाव्या, हा वाद स्पेनमध्ये खुशाल चालू द्या.

"गायक भाड्याचे"

हो, काही आहेत. मग? स्पर्धेच्या नियमांत गायकाच्या नागरिकत्वाची अट नाही, ती कुठल्या देशानं स्वतःपुरती घातली तर घातली. १९८८ मध्ये स्वित्झर्लंडसाठी जिंकली ती सेलिन दियोन, कॅनडाची. ब्रिटनचा १९९७ चा विजय ज्या आवाजाचा, ती कॅट्रिना अमेरिकन. चिमुकल्या लक्झेंबर्गनं पाचदा स्पर्धा जिंकली आणि पाचही विजेत्यांत एकही लक्झेंबर्गचा नाही: चार फ्रेंच, एक ग्रीक. वर सांगितलेलं सौनावालं त्रिकूटही स्वीडनचं नव्हेच, ते फिनलंडमधल्या स्वीडिश बोलणाऱ्या मुलखातलं. स्वीडिश लोकांनी हे माहीत असूनच मत दिलं. आयपीएलमध्ये कुणाच्या जर्सीत कोण खेळतो हे निमूट पाहणाऱ्यांनी यावर डोळे वटारू नयेत.

"इंग्रजीशिवाय गत नाही"

हा मुद्दा मला सगळ्यात आवडतो, कारण इतिहास बरोब्बर उलटं सांगतो. १९७७ ते १९९८ नियम होता की प्रत्येकानं आपल्याच देशाच्या भाषेत गायचं. तेव्हा इंग्रजी गाण्याची मुभा होती ती ब्रिटन, आयर्लंड, माल्टा अशा मोजक्यांना. आयर्लंडचे एकूण सात विजय, त्यातले सहा याच काळातले, १९९२ ते १९९४ तर सलग तीन. १९९९ पासून भाषेचं बंधन गेलं, निम्मा युरोप इंग्रजीत गाऊ लागला आणि आयर्लंड त्यानंतर एकदाही जिंकलेलं नाही. इंग्रजी हा फायदा होता, तो फक्त काहींकडे होता तोवर.

त्यानंतरही सर्बिया २००७ मध्ये सर्बियनमध्ये जिंकली, पोर्तुगाल २०१७ मध्ये पोर्तुगीजमध्ये, इटली २०२१ मध्ये, युक्रेन २०२२ मध्ये. २०२१ ची पहिली तीन गाणी इटालियन, फ्रेंच, फ्रेंच. आणि ते सौनाचं गाणं? १९९८ नंतर स्वीडननं पाठवलेलं पहिलं स्वीडिश गाणं, तेही अस्सल गावठी बोलीत. बासेलला चौथं आलं.

"शेजारधर्म आणि पैसा"

ग्रीस आणि सायप्रस एकमेकांना १२ गुण, म्हणजे सगळ्यात वरचे गुण, देतात, हे प्रेक्षकही आता टाळ्यांऐवजी हशानं साजरं करतात. शेजाऱ्यांच्या मतांनी चार-पाच जागा वर सरकता येतं. जिंकायला मात्र चारही दिशांचे गुण लागतात. पोर्तुगालला लागून देश एकच, स्पेन. २०१७ आधी त्यांचा सर्वोत्तम क्रमांक सहावा होता, आणि त्या वर्षी साल्व्हाडोर सोब्राल ७५८ गुण घेऊन गेला. युक्रेनला २०२२ मध्ये प्रेक्षकांनी ४६८ पैकी ४३९ गुण दिले त्यात सहानुभूती होती, कोण नाही म्हणतं? पण ते गाणं युद्ध सुरू होण्याआधी निवडलेलं. निवडफेरी जिंकलेली गायिका रशियानं बळकावलेल्या क्रिमियाच्या जुन्या दौऱ्यावरून वाद झाल्यावर बाजूला झाली, दुसरे आलेले कालुश ऑर्केस्ट्रा २२ फेब्रुवारीला निश्चित झाले आणि २४ ला रणगाडे आले.

पैशाचं लवकर आटपतं. जास्त वर्गणी भरणाऱ्या फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन, स्पेन आणि इटलीला थेट अंतिम फेरी मिळे, हे खरं. २०२१ मध्ये अंतिम फेरीत २६ गाणी होती. २४ वं स्पेन, २५ वं जर्मनी, २६ वं ब्रिटन, शून्य गुणांसह. अंतिम फेरीचं तिकीट मिळतं, गुण नाही.

"गाणं कुठलंही पाठवा, फरक शून्य"

याला उत्तर स्वित्झर्लंड. २०१५ ते २०१८ सलग चार वर्षं हा देश उपांत्य फेरीतच गारद. तोवर टीव्हीवर निवडफेरी होत असे. २०१९ साठी त्यांनी ती बंद केली आणि दोन मंडळं नेमली: एक देशातल्या सामान्य श्रोत्यांचं, एक परदेशी जाणकारांचं. त्या वर्षी चौथे, २०२१ मध्ये तिसरे, २०२४ मध्ये नेमोच्या 'द कोड'नं पहिले. शेजारी तेच, पैसा तोच, डोंगरही तेच. बदलली ती निवडायची रीत. मधली दोन वर्षं १७ वे आणि २० वे आले, तेव्हा ही जादूची कांडी नाही हेही दिसतं. बीबीसीनंही २०२१ मध्ये बंद दाराआडच निवड केली होती, तिला शून्य. २०२२ मध्ये पुन्हा बंद दाराआड, आणि सॅम रायडर ४६६ गुणांसह दुसरा. दारापेक्षा दाराआड कोण बसलंय आणि ते स्वतःच्या घरासाठी निवडतायत की परक्या अंगणासाठी, यावर सगळं अडतं.

ढकलपत्राच्या शेवटी एक ओळ असते, 'आपल्याला काय त्याचं, आपण थोडेच मत देणार'. तीही शिळी झाली. २०२३ पासून स्पर्धेत नसलेल्या देशांतल्या लोकांनाही पैसे भरून ऑनलाइन मत देता येतं आणि त्या सगळ्यांचं मिळून एका देशाएवढं वजन धरतात. नाशिकहूनसुद्धा. फक्त अंतिम फेरी आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू होते, तेव्हा चहाचं बघून ठेवा.