‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

स. न.

रुमेनियातल्या अनाथालयांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं सकाळीच वाचलं. राग ओसरला की उत्तर देऊ म्हणून थांबलो, पण तो काही ओसरत नाही.

तुमचे मुद्दे असे. लेखातल्या अभ्यासाच्या 136 मुलांवरून जगाला शहाणपण शिकवू नये. आनुवंशिकता विसरू नये. मुलांना अनाथालयात ठेवून प्रयोग करणं अमानुष आहे. आणि शेवटचं वाक्य: ‘स्वतःच्या घरात असा पेशंट नसला की आईबापांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं सोपं जातं.’

136 ही संख्या लहान आहे, मान्य. तेवढं तुमचं बरोबर.

आनुवंशिकतेचं म्हणाल तर चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या संशोधकांनी रुमेनियाच्या राजधानीत, बुखारेस्टमध्ये केलेल्या त्या अभ्यासाचं मर्मच ते आहे. संस्थेत असलेली तान्ही आणि रांगती मुलं त्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटली. निम्मी प्रतिपालक, म्हणजे दुसऱ्याचं मूल सांभाळणाऱ्या कुटुंबांत, निम्मी होती तिथेच. कुणाच्या रक्तात काय आहे हे चिठ्ठीला कळत नाही. तरीही साडेचार वर्षांच्या वयात कुटुंबात गेलेल्यांमध्ये चिंता-नैराश्याचे विकार स्पष्टपणे कमी दिसले. अतिचंचलतेत मात्र तसा फरक पडला नाही, हेही मी लिहिलं होतं. बाराएक वर्षांची झाल्यावर त्यांना ताण येईल अशी कामं दिली, तेव्हा संस्थेत राहिलेल्यांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताण आला की वाढणारं संप्रेरक, जेमतेम हललं. शरीर ताणाला धड उत्तरच देईना. दोन वर्षांची होण्याआधी ज्यांना घर मिळालं, त्यांचं शरीर इतर मुलांसारखं वागलं. लेख शेवटपर्यंत वाचला असतात तर हे सापडलं असतं.

आता आईबाप. मी त्यांना पिंजऱ्यात उभं केलं, ते कुठल्या परिच्छेदात? त्या लेखात आरोपी कुणी असेलच तर रुमेनियाचा हुकूमशहा चाउशेस्कू. लोकसंख्या वाढवायची म्हणून 1966 साली 770 क्रमांकाचा हुकूम काढून त्याने गर्भपात जवळपास बंद केला. घरात खायला नाही आणि पोरं मात्र होताहेत, अशा स्थितीत माणसांनी मुलं सरकारी संस्थांत सोडली. डिसेंबर 1989 मध्ये त्याची सत्ता गेली तेव्हा तिथे लाखाच्या वर मुलं होती. रडलं तरी कुणी येत नाही हे कळल्यावर रडायची थांबलेली. त्यात आईबापांना दोष देणारा माणूस मी नव्हे. ते तुम्ही वाचताना घातलंत, महाशय.

आणि घरातला पेशंट. सांगायचं नव्हतं, पण तुम्ही माझ्या घरात शिरलातच आहात. माझ्या मामाला स्किझोफ्रेनिया होता. तो वीस-बावीसचा असताना एका डॉक्टरांनी आजीला समोर बसवून सांगितलं, तुमच्या वागण्यामुळे हे झालंय. आईमुळे स्किझोफ्रेनिया होतो ही कल्पना मनोविकारतज्ज्ञ फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांच्या 1948 च्या लेखनातून पसरली आणि पुढे बाद झाली. आमच्या तालुक्यापर्यंत ते बाद होणं पोचलं नव्हतं. आजी नंतर मामाला जेवण वाढतानासुद्धा कुणी बघतंय का हे पाहायची. जास्त वाढलं तर लाड, कमी वाढलं तर हाल. तो गेला तरी तिची ती सवय गेली नाही. अशा घरात वाढलेला माणूस आईबापांवर बोट ठेवेल असं तुम्हाला वाटतं?

मी बोट ठेवतो ते वेळेवर. लहान मेंदूला माणूस कधी मिळालं आणि कधी नाही, यावर. आईबापांचा न्याय कुणाला करायचाच असेल तर तो खुशाल करो, माझ्या लेखाच्या नावावर नको.

प्रयोगाच्या नैतिकतेबद्दल एवढंच की, तिथे राहिलेल्या मुलांपैकी कुणाला बाहेर घर मिळण्याची संधी आली तर संशोधकांनी ते अडवायचं नाही असं ठरलेलं होतं. यावर आणखी वाद घालायला मला वेळ नाही. ‘परदेशी अभ्यास चघळणारे’ वगैरे शेलक्या शब्दांना तर उत्तरच देत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही. मुद्द्यावर कितीही कडक लिहा, राहील. पुन्हा माझ्या घरच्यांवर घसरलात तर मात्र काढेन, आणि तेव्हा कारणही देणार नाही.