‘मी आनंदी आहे’ २१ वेळा लिहून दुःख जात नाही

गेल्या महिन्यात तीन ग्रुपवर एकच मेसेज आला. रोज सकाळी वहीत २१ वेळा ‘मी आनंदी आहे, मी पूर्ण बरी झाले आहे’ असं लिहा, २१ दिवसांत नैराश्य मुळासकट जातं, जुनं दुःख चुकूनही कागदावर आणू नका, गोळ्यांची गरज उरत नाही, विज्ञानाने सिद्ध झालंय.

माझ्या मावशीने हे मनावर घेतलं. काका गेल्यावर तिने दोनशे पानी वही आणली. पानामागून पान तेच वाक्य. सतराव्या दिवशी पेन इतकं दाबून चालवलेलं, की अक्षरं मागच्या पानावर उमटली होती. मला म्हणाली, “अगं, एवढं लिहूनही काही होत नाही. माझ्यातच खोट आहे का?” त्या मेसेजवर माझा राग आहे तो या प्रश्नामुळे.

विज्ञानाचं नाव घेतलंय, तर तेच बघू. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. घंटा वाजली की ‘मी प्रेम करावं अशी व्यक्ती आहे’ असं मनाशी म्हणायचं. ज्यांना स्वतःबद्दल आधीच बरं वाटत होतं, त्यांना थोडं आणखी बरं वाटलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत वाईट होतं, ते मात्र हे वाक्य न म्हणणाऱ्या तशाच लोकांपेक्षा जास्त खिन्न झाले. म्हणजे ज्याला आधाराची सर्वांत जास्त गरज, त्यालाच हा उपाय बाधला. मला यात नवल वाटत नाही. ‘मी आनंदी आहे’ असं लिहिताना प्रत्येक ओळीला आतून ‘खोटं’ असं उत्तर येत असेल, तर २१ वेळा खोटंच ऐकावं लागतं.

दुःख लिहू नका, हे तर साफ उलटं आहे. अमेरिकेत डॅलसमध्ये जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी साध्यासुध्या विषयांवर लिहिलं, काहींनी आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या आघाताबद्दल. १९८६ साली त्यांनी निष्कर्ष छापले. आघाताबद्दल काय घडलं आणि काय वाटलं, हे दोन्ही ज्यांनी लिहिलं, ते पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. पण लिहून उठल्यावर लगेच त्यांना जास्त वाईट वाटत होतं, हेही त्यांनीच नोंदवलंय. पुढे २००६ मध्ये १४६ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा फायदा खरा निघाला, पण छोटा. आणि सगळ्यांना नाही: नुकतेच जोडीदारापासून वेगळे झालेल्यांवरच्या २०१३ च्या अभ्यासात, त्याच त्या विचारात घोळत राहणाऱ्यांना असं लिहिणं उलट जड गेलं.

२१ दिवसांचा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातल्या निरीक्षणातून आलाय. बदललेला चेहरा अंगवळणी पडायला रुग्णाला निदान तेवढे दिवस लागतात, असं त्याला दिसलं होतं. नैराश्याशी त्याचा संबंध नाही.

राहिल्या गोळ्या. ‘गोळ्यांची गरज उरत नाही’ हे वाक्य पुढे पाठवणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, पुसून टाका. डॉक्टरांना न विचारता गोळ्या एकदम बंद केल्या तर त्रास होऊ शकतो आणि आजार उलटू शकतो. मरणाचे विचार येत असतील तर वही बाजूला ठेवा, घरातल्या कुणाला तरी सांगा, १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी नंबरवर फोन करा.

मावशीला मी एवढंच म्हटलं, ते वाक्य सोड, काकांबद्दल लिही. पंधरा मिनिटं, शुद्धलेखन बघू नकोस, नको वाटलं तर थांब, नंतर फाडलंस तरी चालेल. वहीच्या शेवटच्या पानावर तिने सुरुवात केली: ‘यांचा चष्मा अजून टीव्हीवर आहे. मी रोज पुसते.’ पुढचं मी वाचलेलं नाही.