आधी नोंद, मग टेबलं

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत पुस्तकांची कपाटं हलवून तिथं अभ्यासिका करावी का, हा वाद निघाला की परदेशी विद्यापीठांचा दाखला दिला जातो. त्या विद्यापीठांत कपाटं हलली आहेत, हे खरं. त्याआधी तालिकेतल्या, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकसूचीतल्या, नोंदींवर किती काम करावं लागतं, ते मात्र कुणी विचारत नाही.

हार्वर्डनं १९८६ मध्ये मुख्य आवाराबाहेर पुस्तकांचं कोठार उघडलं. तिथं पुस्तकं विषयवार नव्हे, आकारानुसार ट्रेमध्ये लावतात आणि बारकोडवरून शोधतात. कपाटासमोर चाळता चाळता शेजारचं पुस्तक हाती लागणं संपलं. नोंद धड नसेल तर पुस्तक असून नसल्यासारखंच.

मराठीची गोची इथंच होते. अमेरिकी नोंदी रोमन लिप्यंतरात असतात. त्यात 'च'ला नुसता सी, 'श'ला वर रेघ असलेला एस, आणि शब्दाच्या शेवटचा अनुच्चारित 'अ'सुद्धा लिहिलेला. आपण बोलतो तसं टाइप करणाऱ्याला 'वाचन' सापडणं कठीण. उपाय आहे: मार्क या संगणकीय नोंदीच्या साच्यातल्या ८८० फील्डमध्ये देवनागरी शीर्षक देऊन ते उपफील्ड ६ नं २४५ शी, म्हणजे मुख्य शीर्षकाच्या फील्डशी, जोडायचं. जुन्या नोंदींत ते बऱ्याचदा नसतं.

आपल्याकडचं दुखणं वेगळं. युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या याद्या रूपांतर न करता कोहा या ग्रंथालय-प्रणालीत चढवल्या की शीर्षकाजागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. कोहात शोधासाठी झेब्रा हे शोधयंत्र असेल तर आयसीयू हे युनिकोड लिप्या हाताळणारं इंडेक्सिंग निवडून सगळ्या नोंदी पुन्हा इंडेक्स कराव्या लागतात. तरीही 'मंदिर' आणि 'मन्दिर' ही दोन रूपं यंत्र आपणहून जुळवत नाही. दुसरं रूप २४६ या पर्यायी शीर्षकाच्या फील्डमध्ये हातानंच घालायचं. एका बांधणीत तीन पुस्तिका असतील तर नोंद बहुधा पहिलीचीच असते. कपाटात त्या उघडून तरी दिसायच्या, कोठारात तेही नाही.

जागा बदलताना पहिली गदा येते ती तालिकाकारांच्या, म्हणजे या नोंदी करणाऱ्यांच्या, खोलीवर. कुणीही कुठंही बसावं ही फॅशन या कामाला मानवत नाही. पुस्तकांची ट्रॉली, संगणकाचे दोन पडदे आणि अर्धवट कामाचं ठरलेलं कपाट लागतंच. ट्रॉलीवर टप्प्याची चिठ्ठी आणि प्रणालीत 'प्रक्रियेत' असा शेरा नसला, तर हलवाहलवीत पहिली गायब होतात ती नवीन पुस्तकं.

म्हणून सुतार बोलावण्याआधी कपाटातली कुठलीही शंभर पुस्तकं काढून देवनागरीत शोधून पाहावीत, आणि तालिकेतल्या शंभर नोंदी घेऊन कपाटात. दोन्हींपैकी कुठंही न सापडणारी दहा जरी निघाली, तरी अभ्यासिका वर्षभर पुढं ढकलावी.