साखर साडेसहा, पण खुर्चीतून उठवत नाही

आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर एचबीए१सीचे, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्ततपासणीचे, आकडे दहावीच्या मार्कांसारखे सांगितले जातात. "माझं साडेसहा." "माझं सहा पॉइंट तीन!" ज्यांचं आठ असतं ते गप्प बसतात. आणि सहा पॉइंट तीनवाल्या काकांना बाकावरून उठताना शेजारच्याचा खांदा लागतो, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

पंचाहत्तरी गाठलेल्या मधुमेही माणसाच्या साखरेवर आपण डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो, ताकदीकडे ढुंकूनही बघत नाही. वजन उतरलं की "छान बारीक झालात". कठडा धरून जिना चढले की "वय झालं आता". प्रयत्न न करता वर्षात साडेचार-पाच किलो वजन जाणं, सततचा थकवा, हाताची सैल पकड, मंदावलेली चाल, कमी झालेली हालचाल. यातल्या तीन गोष्टी असतील तर डॉक्टर त्याला फ्रेल्टी, म्हणजे शरीर खचल्याची अवस्था, म्हणतात. लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत २००१ साली मांडलेली ही कसोटी आजही वापरात आहे. मधुमेहात स्नायू लवकर झिजतात, आणि त्यात आपण "साखर वाढेल" म्हणून ताटातला एकेक पदार्थ काढत जातो. दोन फुलके आणि वाटीभर पातळ वरण म्हणजे कशीबशी दहा-बारा ग्रॅम प्रथिनं. पन्नास किलोच्या म्हाताऱ्या माणसाला दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम लागतात (किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा). अंडं, पनीर, उसळ, घट्ट डाळ, काहीतरी वाढवायलाच हवं.

सासूबाईंच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या तेव्हाही घरात कौतुकच चाललं होतं. मग एका संकष्टीला, चंद्रोदयाची वाट बघता बघता, त्या तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागल्या. "दिवा लावला का गं?" हात थरथरत नव्हते, घामही नव्हता. आम्हाला वाटलं, उपासाने ग्लानी आली. ग्लुकोमीटरवर ५२, साखर फारच उतरलेली. सकाळी साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेतली होती आणि दिवसभरात पोटात चहा नि चार शेंगदाणे. म्हातारपणी साखर उतरल्याची खूण कधी कधी एवढीच असते: गोंधळ, नाहीतर पडणं. आणि पडून खुब्याचं हाड मोडलं की पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे.

म्हणून मला हा कडक आकड्याचा हट्ट पटत नाही. २००८ साली अमेरिका-कॅनडातल्या अकॉर्ड अभ्यासात एचबीए१सी सहाच्या खाली आणण्यासाठी कडक उपचार केलेल्या गटात मृत्यू जास्त झाले, आणि ते उपचार मध्येच थांबवावे लागले. त्या लोकांचं सरासरी वय होतं बासष्ट! आज अमेरिकन डायबिटीस असोसिएशनही सांगते की ठणठणीत ज्येष्ठाला सात-साडेसात ठीक, पण अनेक आजार असलेल्या, दुसऱ्यावर अवलंबून असलेल्याला आठपर्यंत चालेल. आठवाल्या काकांनी खुशाल मान वर करावी.

घरी एक करून बघा. हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसायला सांगा, जवळ उभे राहून. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पाय कमजोर झालेत. हे आणि उतरलेलं वजन, दोन्ही पुढच्या व्हिजिटला सांगा. गोळी आपल्या मनाने अर्धी करू नका. पण उपास कुठले आणि कसे धरतात, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. ते आपणहून क्वचितच विचारतात.