एक वर्ष दुसऱ्या भाषेच्या घरी

ऑक्टोबरात लेकीचा फोन आला तो आजीबद्दल विचारायला. ती सध्या मध्य फ्रान्समधल्या एका लहान गावात राहते, क्लेरमाँ-फेराँपासून तासाभराच्या अंतरावर. तिथल्या शाळेत आठवड्याला बारा तास मुलांकडून इंग्रजी बोलून घ्यायचं हे तिचं काम, बाकी सगळा दिवस फ्रेंचमध्ये. पहिल्याच आठवड्यात बेकरीतल्या बाईंना ती चुकून 'तू' म्हणाली. बाई रागावल्या नाहीत, पण उत्तर देताना त्यांनी लेकीला स्पष्टपणे 'तुम्ही' म्हटलं. घरी येऊन ती रात्रभर त्याच विचारात होती. आणि मग मला फोन. "आई, आपण आजीला तू म्हणतो आणि आजोबांना तुम्ही. असं का?"

मी मराठीत एमए केलं आहे. तरी पटकन उत्तर देता आलं नाही. आईला तू, आजीला तू, विठ्ठलाला तू. पण बाबांना, आजोबांना, शेजारच्या काकांना तुम्ही. जिच्या कुशीत झोपायचं ती तू, आणि जो आला की आवाज खाली येतो तो तुम्ही. असं काहीतरी मी सांगितलं आणि आम्ही त्यावर तासभर बोललो. लेक इंग्लंडमध्ये, लीड्समध्ये वाढली. मराठी तिला लहानपणापासून कळते, पण हा प्रश्न तिला वीस वर्षांत कधी पडला नव्हता. इंग्रजीत राहून तो पडणारही नव्हता. तो पडायला एका फ्रेंच बेकरीत जावं लागलं.

ब्रिटनमध्ये परदेशी भाषा आणि तिचं साहित्य घेऊन पदवी करायची तर ती बहुधा चार वर्षांची असते, आणि त्यातलं तिसरं वर्ष त्या भाषेच्या मुलखात काढायचं असतं. तिथल्या विद्यापीठात शिका, नोकरी करा किंवा ब्रिटिश कौन्सिलमार्फत शाळेत भाषा-सहायक म्हणून जा. लेकीने शेवटची वाट धरली, कारण त्यात पगार आहे. ऑक्टोबर ते एप्रिल असे सात महिने, हातात महिन्याला ८०० युरोच्या आसपास. शिवाय इंग्लंडमध्ये असा नियम आहे की पूर्ण वर्ष बाहेर काढणाऱ्या विद्यार्थ्याकडून विद्यापीठाला नेहमीच्या कमाल फीच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षात कमाल फी ९,५३५ पौंड होती, म्हणजे बाहेरच्या वर्षाचे जास्तीत जास्त १,४३० पौंड. हे आकडे मी मुद्दाम सांगते आहे. पुढे त्यांचं काम पडणार आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला या वर्षातून काय मिळतं, हे मला तिच्या फोनांतून हळूहळू उमगत गेलं. त्या गावात दुपारी बारा ते दोन सगळं बंद असतं. दुकानं, टपाल कचेरी, खिडक्यांच्या झडपासुद्धा. दुसऱ्या वर्षाला तिने एकोणिसाव्या शतकातल्या खेड्यांवरच्या कादंबऱ्या वाचल्या होत्या, त्यांवर निबंध लिहिले होते, चांगले गुणही मिळवले होते. भर दुपारी कुणी दार ठोठावलं तर कादंबरीत तो प्रसंग एवढा मोठा का होतो, हे मात्र तिला आत्ता समजलं. शब्दकोश अर्थ सांगतो. शब्दाचं वजन त्या गावात राहिल्यावरच कळतं.

बाहेरचं हे वर्ष इथे ब्रिटनमध्येही सुखात नाही. इरॅस्मस ही युरोपातली विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची योजना १९८७ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले होते. पुढे जाऊन आलेल्यांची एकूण संख्या कोटीच्या वर गेली. ब्रेक्झिटनंतर ब्रिटन त्यातून बाहेर पडलं आणि २०२१ मध्ये स्वतःची ट्युरिंग योजना आणली. तिच्यात जाणाऱ्यांसाठी पैसे आहेत, येणाऱ्यांसाठी नाहीत. शिवाय व्हिसा आला. जिथे आधी बॅग भरून गाडीत बसायचं, तिथे लेकीला कागदपत्रांचा गठ्ठा घेऊन दुसऱ्या शहरात खेटे घालावे लागले. तिच्या वर्गातल्या एका मुलीने याच खर्चापायी मुक्काम कमी केला. जानेवारी २०२५ मध्ये कार्डिफ विद्यापीठाने आधुनिक भाषांचे अभ्यासक्रम बंद करण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा इथे बरीच ओरड झाली. आणि डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं की २०२७ पासून ब्रिटन पुन्हा इरॅस्मसमध्ये सामील होणार. गमावल्यावर किंमत कळली, असं इथली प्राध्यापक मंडळी उघडपणे म्हणतात.

आता घरच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या वादाकडे येते, कारण गेलं वर्षभर माझं अर्धं लक्ष तिकडेच होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आमच्या नात्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेढ्यांची चित्रं आली. मग एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा सरकारी निर्णय आला. जूनमध्ये तो शब्द बदलून पुन्हा आला, आणि एवढा विरोध झाला की २९ जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले. मी विरोध करणाऱ्यांच्या बाजूची होते, आजही आहे. सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा लादायचं कारण नाही. पण त्याच ग्रुपवर, त्याच आठवड्यात, माझ्या भाच्याने बीएला मराठी घ्यायचं म्हटलं, तर सगळ्यांनी त्याला एकच प्रश्न विचारला: पुढे काय करणार? दर्जा मिळाला म्हणून पेढे वाटणारेच विचारत होते. त्याला उत्तर देता आलं नाही, आणि माझ्याजवळही त्याला सांगण्यासारखं फारसं नव्हतं. भाषा कोणत्या इयत्तेपासून शिकवायची यावर आपण रस्त्यावर उतरतो. वीस वर्षांच्या साहित्याच्या विद्यार्थ्याला आपण काय शिकवतो, यावर मात्र कुणीच भांडत नाही. मला त्यावर भांडायचं आहे.

मी सोलापूरची. आमच्या गल्लीत मराठी, पूर्व भागात विणकरांच्या घरी तेलुगू, मंडईत कानडी, आणि रिक्षावाल्या मामूंची दखनी. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. सात नंदीध्वजांची मिरवणूक शहरातल्या ६८ लिंगांना तैलाभिषेक करत निघते, आणि लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी ती दरवर्षी पाहिली. तो सिद्धेश्वर म्हणजे बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, बसवण्णांच्या काळातले कानडी वचनकार. माझ्या गावाचं ग्रामदैवत हा कवी आहे, आणि मी साहित्यात दोन पदव्या घेऊनही त्याची एक ओळ मुळातून वाचू शकत नव्हते. कानडी अक्षरसुद्धा ओळखत नव्हते. पुण्याला एमए करताना मी खंडोबाच्या जागरणातल्या गाण्यांवर प्रबंधिका लिहिली. खंडोबाच कर्नाटकात मैलार होतो आणि तेलुगू मुलखात मल्लण्णा, हे मी संदर्भग्रंथातून उतरवून घेतलं. मैलारची गाणी ऐकायला गेले नाही. जा असं मला कुणी म्हटलं नाही, आणि माझ्याही मनात आलं नाही. सोलापूरहून कर्नाटकाची हद्द किती जवळ आहे, हे तिथल्या एसटीतल्या कुणालाही विचारा.

त्या संदर्भग्रंथांचे लेखक गुंथर सोंथायमर जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाचे होते. परदेशी माणूस धनगरांच्या वाड्यांवर बसून ओव्या ऐकतो, जेजुरीला जातो, वारी चालतो, याचं आम्हाला तेव्हा कौतुक वाटायचं. आता मला त्यात दुसरं काहीतरी दिसतं. तो माणूस आपलं साहित्य शिकायला आपल्या घरी येऊन राहिला. अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या कॉलेजांचे विद्यार्थीही १९६९ पासून कित्येक वर्षं पुण्यात येत राहिले, सदाशिव पेठेसारख्या वस्त्यांतल्या कुटुंबांत राहून मराठी शिकले. म्हणजे दुसऱ्याच्या भाषेत वर्ष काढण्याचा रिवाज पुण्याला नवा नाही. आपण यजमान होतो. पाहुणे म्हणून कुठे गेलो नाही.

जुने लोक जात होते. नामदेव पंजाबात गेले, तिथल्या भाषेत गायले आणि त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. २०१५ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्यांच्याच घुमानला, पंजाबात भरलं. तंजावरच्या भोसले राजांनी तमिळ मुलखात बसून मराठी नाटकं लिहिली, आणि तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितं आजही वाचणाऱ्याची वाट पाहत आहेत. ज्ञानदेवांनी विठ्ठलाला कानडा म्हटलं, हे वर्गात शिकवताना आमचे सर दहा मिनिटं रंगून बोलले होते. त्या कानड्याची भाषा शिकवायला मात्र अभ्यासक्रमात एक तासही नव्हता.

तर माझं म्हणणं असं. मराठी साहित्याच्या पदवीत एक वर्ष, निदान एक सत्र, दुसऱ्या भाषेच्या मुलखात काढायला हवं. परदेश हवाच असं नाही. ज्याला पॅरिस परवडेल त्याने जरूर जावं. पण आपल्या मुलांना धारवाड, कलबुर्गी, हैदराबाद, बडोदा, मडगाव पुरेसं परकं आहे, आणि खरं तर जास्त उपयोगी. लेकीला तू आणि तुम्हीबद्दल जे फ्रान्समध्ये दिसलं, ते सोलापूरच्या मुलीला विजापुरात दिसेल. आपली भाषा बाहेरून कशी दिसते, ते आत बसून कळत नाही.

हे काही आभाळातून आणायचं नाही. म्हैसूरची भारतीय भाषा संस्था १९६९ पासून आहे. तिच्या प्रादेशिक केंद्रांत शाळेतल्या शिक्षकांना दुसरी भारतीय भाषा शिकवण्याचा दहा महिन्यांचा अभ्यासक्रम चालत आला आहे, आणि त्यातलं एक केंद्र पुण्यात डेक्कन कॉलेजच्या आवारात आहे. म्हणजे दहा महिने दुसऱ्या भाषेला द्यायचे ही कल्पना आपल्या सरकारला अर्धशतकापूर्वी सुचली होती. ती शिक्षकांपुरती राहिली, साहित्याच्या विद्यार्थ्यापर्यंत आली नाही. नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांची पदवी आहे, एका विद्यापीठाचे क्रेडिट दुसरीकडे नेण्याची सोय आहे, ऑन जॉब ट्रेनिंगला आणि फील्ड प्रोजेक्टला गुण आहेत. साहित्याची मुलं ते ट्रेनिंग कुठे करतात? बहुतेक जण जवळच्या एखाद्या कार्यालयातून प्रमाणपत्र आणतात. त्याऐवजी जत किंवा अक्कलकोट तालुक्यातल्या कानडी माध्यमाच्या शाळेत मुलांना मराठी बोलायला शिकवलं, आणि संध्याकाळी त्याच गावात कानडी ऐकली, तर लेक फ्रान्समध्ये जे करते आहे तेच झालं. हद्दीपलीकडे बेळगाव, निपाणी, खानापूरला मराठी शाळा आहेत, तिथे धारवाडची कानडीची मुलं यावीत. सीमावादाच्या भाषणांतून एवढ्या वर्षांत जे साधलं नाही, ते यातून एकदम साधेल असं मी म्हणत नाही. एका गावातली वीस पोरं एकमेकांची पुस्तकं वाचतील, एवढंच म्हणते.

एमएला माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण आता सोलापूर जिल्ह्यात एका कॉलेजात मराठी शिकवते. अनेक वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, सुट्टीत पगार नाही. तिला मी हे सगळं फोनवर सांगितलं तर ती चिडली. "तुझं तिकडे बसून बोलणं सोपं आहे गं. माझ्या वर्गात तीस नावं आहेत, ऊसतोडीच्या दिवसांत आठ पोरं समोर असतात. मुलींना तालुक्याच्या ठिकाणी राहू देत नाहीत, तू विजापूरला पाठव म्हणतेस. आणि पाठवायला मी कोण? पुढच्या वर्षी मी तरी असेन का?"

तिचं चूक नाही. मी दूर आहे आणि त्या वर्गासमोर रोज ती उभी राहते. पण म्हणूनच मी ते आकडे आधी सांगितले. इथे हे वर्ष गरीब मुलाला झेपतं, कारण त्या वर्षात फी जवळजवळ माफ होते आणि शाळा पगार देते. जिथे ती मदत तुटते तिथे आधी गरीब मुलंच गळायची भीती असते. तेव्हा आपल्याकडे हे करायचं तर फुकट करून चालणार नाही. मुलाला घरून पैसे मागवावे लागता कामा नयेत, घरी चार पैसे पाठवता आले पाहिजेत. कमवा आणि शिका ही योजना आपल्याच विद्यापीठांत आहे, तिच्यात ग्रंथालयातलं आणि बागेतलं काम चालतं, मग शेजारच्या भाषेच्या शाळेतलं का नाही? आणि शिकवणारा माणूस कायम हवा. ज्या विभागात प्राध्यापकच दर जूनमध्ये नवा, तिथून कुणी कुणाला कुठे पाठवणार? अभिजात दर्जाच्या नावाने पैसे येतील तेव्हा परिसंवाद आणि स्मरणिकांच्या आधी या दोन गोष्टींवर खर्च व्हावेत, असं मला मनापासून वाटतं.

मुलींच्या राहण्याचा प्रश्न मी टाळत नाही. तो खराच आहे, आणि लीड्समध्ये बसून मला त्याचं उत्तर देता येत नाही. एवढंच ठाऊक आहे की पुण्यात त्या अमेरिकन मुली कुटुंबांत राहिल्या, आणि कर्नाटकात इंडी, आळंद, बिदरकडे सोलापूरकरांचे नातेवाईक घरोघर आहेत. हद्द आखली गेली तेव्हा सोयरिकी तुटल्या नव्हत्या.

या संक्रांतीपासून मी कानडी अक्षरं गिरवायला घेतली आहेत. रात्री जेवणं झाली की अर्धा तास. अजून वाक्य लागत नाही. पण परवा सिद्धरामेश्वरांचं एक वचन समोर ठेवलं आणि बोट फिरवत शेवटच्या ओळीपर्यंत गेले, तर तिथे मुद्रा होती, कपिलसिद्ध मल्लिकार्जुन. एवढं वाचता आलं. वडिलांच्या खांद्यावर बसून ज्याचा जयघोष ऐकला, त्याची अक्षरातली सही मी पन्नाशीत पहिल्यांदा वाचली. मैत्रिणीला त्याचा फोटो पाठवला. दोन दिवस तिचं उत्तर आलं नाही. काल रात्री आलं: "दोन मुली तयार आहेत. एकीचं आजोळ इंडीला आहे, मे महिन्यात तिथेच राहतील. त्या दोघींना घरात बसवून कानडी शिकवील असं कुणी तुझ्या ओळखीत आहे का, ते विचार."

आज सकाळपासून मी तेच विचारते आहे.